बुलंद दरवाजावरील ईसा

आदिलाबादच्या उत्तरेला, पैनगंगेच्या अलीकडे आमचे जैनथ आहे. गावात लक्ष्मीनारायणाचे जुने दगडी देऊळ आहे, परमार जगद्देवाच्या काळच्या शिलालेखाने इतिहासाच्या ग्रंथांत गावाचे नाव गेले आहे, आणि भोवती काळ्या मातीत कापूस पिकतो. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. घरात मराठी, बाजारात तेलुगू, मुसलमान शेजाऱ्याशी दखनी उर्दू आणि डोंगराकडून आलेल्या गोंड बांधवाशी मोडकीतोडकी गोंडी, असा आमचा रोजचा कारभार. अशा मुलुखातल्या हायस्कुलात इतिहास शिकवता शिकवता प्रस्तुत लेखकाचे केस पांढरे झाले आणि शेवटी मुख्याध्यापकाची खुर्ची वाट्याला आली. एम.ए.ची पदवी इतिहासाची, म्हणून इतिहासातल्या प्रश्नाला उत्तर देता येते असा एक समज मनाशी होता. तो समज नववीच्या एका वर्गात दोन मुलांनी खाली उतरवला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गुड फ्रायडेच्या सुटीची सूचना वर्गावर्गांतून फिरवायची होती. सुटी कशाची हे मुलांना कळावे म्हणून मी सूचनेखाली एक ओळ आपल्या मनाने घातली : 'या दिवशी येशू ख्रिस्तांना क्रुसावर चढवण्यात आले.' मी नववीवर तास घेत असताना शिपाई वही घेऊन आला. मी सूचना मोठ्याने वाचली. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरात उर्दू बोलणारा, पण मराठी आपल्या मुलांसारखेच स्वच्छ.

"सर, हे बरोबर नाही. हजरत ईसांना सुळावर दिलंच नाही. अल्लाहनं त्यांना वर उचलून घेतलं."

त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसणारा मुलगा एका लहानशा प्रार्थनाघराच्या पास्टरचा. तोही उठला. "दिलं सर. तिसऱ्या दिवशी ते उठले. नाहीतर ईस्टर कशाचा?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी काय केले? वही शिपायाच्या हातात दिली आणि म्हणालो, "बसा दोघंही. हे परीक्षेत येत नाही."

मुले हसली, तास पुढे सरकला. दुसऱ्या आठवड्यात पाहतो तो तिसऱ्या बाकावर ती दोघे नव्हती. एक खिडकीशी बसला होता, दुसरा पार मागे. पाचवीपासून एका डब्यात जेवणारी ही जोडी. पुढे दोघांचे काय बोलणे झाले, कोणाच्या घरी कोण काय म्हणाले, हे मला ठाऊक नाही. एवढे मात्र कळले, की प्रश्न माझ्यासमोर आला होता आणि मी तो वर्गाबाहेर हाकलला होता. हाकललेला प्रश्न कोठे ना कोठे मुक्कामाला जातोच.

विजयाच्या कमानीवर वैराग्य

त्याच उन्हाळ्यात कुटुंबासह आग्र्याला जाण्याचा योग आला. फत्तेपूर सिक्रीच्या पायऱ्या चढून बुलंद दरवाजासमोर उभे राहिलो. ही कमान अकबराच्या गुजरात-विजयाचे स्मारक म्हणून सांगतात. पण तिच्यावर जो फारसी लेख कोरलेला आहे, तो आपल्या बाजूच्या विजयाचा आहे. दख्खन आणि खानदेश जिंकून बादशहा हिजरी १०१० मध्ये, म्हणजे इसवी सन १६०१ च्या सुमारास, फत्तेपूरला परत आला, अशी त्यात नोंद आहे. शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे 'दानदेश' असे नवे नाव ठेवले होते. तेही त्या लेखात आले आहे.

हे विजयाचे वाक्य संपते आणि त्याच लेखात एक वेगळाच आवाज ऐकू येतो. ईसाने, म्हणजे येशूने, म्हटल्याचे सांगून एक वचन कोरले आहे. आशय असा, की जग हा एक पूल आहे; त्यावरून पलीकडे जावे, त्यावर घर बांधू नये. आपल्या तुकोबांच्या कीर्तनात शोभावा असा हा विचार! मार्गदर्शकाने अर्थ सांगितला तेव्हा माझ्या कानात नववीचा वर्ग घुमला.

घरी परतल्यावर बायबल काढून शोधले. चारही शुभवर्तमानांत हे वचन नाही. मग ते आले कोठून? ते आले मुसलमानी परंपरेतून. इमाम गझालींसारख्या थोर आचार्यांच्या ग्रंथांत ते ईसाच्या नावावर आढळते. अशी वचने एक-दोन नाहीत. तरीफ खालिदी या विद्वानाने अरबी ग्रंथांतून वेचून त्यांचा जो संग्रह २००१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ३०० वचने व कथा आहेत. म्हणजे ज्या समाजाबद्दल 'हे येशूला मानत नाहीत' असे आपण सहज बोलून जातो, त्या समाजाने येशूची तीनशे वचने हजार-बाराशे वर्षे जपून ठेवली होती, आणि एका मोगल बादशहाने त्यांतले एक आपल्या सर्वांत मोठ्या कमानीवर कोरून घेतले होते.

असिरगडच्या छावणीतला पाद्री

आता आपण सिक्रीहून खानदेशात येऊ, कारण या कथेचा दुसरा धागा तेथे आहे. १६०० साली अकबर बऱ्हाणपुरास आला. फारुकी घराण्याचा शेवटचा सुलतान बहादुर असिरगडात बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टात अहमदनगर पडले. असिरगड मात्र जानेवारी १६०१ पर्यंत झुंजला. या छावणीत बादशहाबरोबर गोव्याकडून आलेले दोन ख्रिस्ती धर्मोपदेशक होते : जेरोम झेवियर आणि बेनेडिक्ट द गोइश. जेरोम हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीच्या घराण्यातले, नात्याने नातू लागणारे. असिरगडच्या वेढ्याची हकिगत इतिहासकारांना मिळते, त्यांतला एक महत्त्वाचा धागा या जेरोम झेवियर यांच्या पत्रांतूनच येतो.

हे पाद्री अकबराकडे आले कसे? १५७९ साली बादशहाने गोव्याला पत्र पाठवून आपल्या धर्माचे जाणकार पंडित पाठवा अशी मागणी केली. पहिली मंडळी १५८० च्या फेब्रुवारीत सिक्रीला पोचली. त्यांत रुडॉल्फ अक्वाव्हिवा, मोन्सेराते आणि दुभाष्याचे काम करणारे हेन्रिकेश होते. इबादतखान्यात मौलवी आणि पाद्री समोरासमोर बसले. येशू ईश्वराचा पुत्र की ईश्वराचा प्रेषित, हा तर वादाचा गाभाच होता. अक्वाव्हिवा १५८३ मध्ये गोव्याला परतले आणि त्याच वर्षी जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळी येथे, देवळे पाडल्याने संतापलेल्या गावकऱ्यांच्या हातून, मारले गेले. धर्माच्या गोष्टी एका जागी संवाद होतात आणि दुसऱ्या जागी रक्तपात, याला हे एकच आयुष्य साक्षी आहे.

जेरोम झेवियर १५९५ मध्ये तिसऱ्या मंडळींबरोबर आले. ते फारसी शिकले आणि अकबराच्या आज्ञेवरून १६०२ मध्ये येशूचे फारसी चरित्र त्यांनी पुरे केले. त्याचे नाव 'मिरातुल कुद्स', म्हणजे पावित्र्याचा आरसा. फारसी भाषेवर हात फिरवण्यास त्यांना मदत होती लाहोरच्या अब्दुस सत्तार यांची. हे गृहस्थ मोठे विलक्षण. ते पाद्र्याकडून लॅटिन शिकले, क्रुसावरील मरणाचे प्रकरण असलेला हा ग्रंथ फारसीत सजवण्यास त्यांनी हातभार लावला, आणि पुढे जहांगिराच्या रात्रीच्या बैठकांत त्याच पाद्र्यांशी त्यांनी कडाडून वादही घातला. त्या बैठकांचा त्यांनी लिहिलेला वृत्तान्त 'मजालिसे जहांगिरी' या नावाने २००६ मध्ये तेहरानहून छापला गेला. एकमेकांचे म्हणणे अक्षरशः उतरवून देणारे आणि तरीही ते न मानणारे असे दोन विद्वान आपल्या देशात चारशे वर्षांपूर्वी एका मेजाशी बसत होते, हे आपल्या मुलांना आपण सांगत नाही.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अकबराचे पत्र ज्या वर्षी गोव्याला गेले, त्याच १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला. त्याने येशूची कथा आपल्या ओवीत गायिली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. ओव्या अकरा हजारांच्या घरात. आग्र्याला फारसीत आणि राचोलला मराठीत, चौदा वर्षांच्या अंतराने एकच चरित्र भारतीय वाचकांसमोर ठेवले गेले. मराठी श्रोत्याला देवाने अवतार घेणे नवे नव्हते. नवे होते ते देवाने अपराध्याचे मरण पत्करणे. फारसी वाचकाची अडचण निराळी होती. येशूचे नाव, त्याची आई, त्याचे चमत्कार त्याला आधीपासून माहीत होते. त्याचा नकार नेमका क्रुसापाशी होता.

कुराणातला ईसा

हा नकार समजून घ्यायचा तर आधी होकार पाहावा लागतो. कुराणात ईसाचे नाव २५ वेळा येते. मसीह ही पदवी त्यांना आहे. ईश्वराचा शब्द आणि ईश्वराकडून आलेला आत्मा या अर्थाचे उल्लेख त्यांच्याविषयी आहेत. त्यांची आई मरियम ही कुराणात नावाने उल्लेखलेली एकमेव स्त्री. एक अख्खी सूरा तिच्या नावाची आहे. पित्यावाचून झालेला जन्म कुराण मान्य करते. पाळण्यात बोलणे, मातीच्या पक्ष्यात प्राण घालणे, आंधळ्यांना दृष्टी देणे, कुष्ठरोग्यांना बरे करणे, मेलेल्यास उठवणे, हे सारे चमत्कार आहेत. मात्र बहुतेक ठिकाणी 'ईश्वराच्या अनुज्ञेने' ही मर्यादा लावलेली आहे. ईसा पुत्र नव्हेत, दास आणि प्रेषित आहेत. ते अंतकाळापूर्वी पुन्हा येतील, ही श्रद्धाही हदीसच्या आधारे बहुसंख्य मुसलमान बाळगतात.

आता क्रूस. चौथ्या सूरेतल्या १५७ व्या आणि १५८ व्या आयतींचा सारांश असा : विरोधकांनी बढाई मारली, की मरियमपुत्र मसीहाला आम्ही मारले. वस्तुतः त्यांनी त्याला मारले नाही, क्रुसावर चढवले नाही. त्यांना तसे भासवले गेले. ज्यांचा याबाबत मतभेद आहे ते अंदाजावर चालतात. ईश्वराने त्याला आपल्याकडे उचलून घेतले. संपूर्ण कुराणात क्रुसाचा हा एवढाच सरळ उल्लेख. शतकानुशतकांचा सारा वाद या दोन आयतींवर उभा आहे.

'भासले' म्हणजे काय?

मला वाटत होते, की मुसलमानांचे याबाबत एकच मत असणार. ग्रंथ चाळू लागलो तसतसे कळले, की त्यांच्या पंडितांनीही या प्रश्नावर आयुष्ये घालवली आहेत. 'शुब्बिह लहुम' हे मूळ अरबी शब्द दोन अर्थ देऊ शकतात : 'तो प्रकार त्यांना तसा भासला' किंवा 'कोणा दुसऱ्याला त्याच्यासारखे रूप दिले गेले'.

दुसऱ्या अर्थाच्या कथा फार. इसवी सन ९२३ मध्ये निधन पावलेल्या तबरी या भाष्यकाराने त्या एकत्र नोंदवल्या. एका कथेत सर्व शिष्य ईसासारखे दिसू लागतात आणि पकडणारे गोंधळतात. दुसरीत एक शिष्य आपणहून पुढे होतो आणि गुरूच्या जागी प्राण देतो. आणखी काहींत विश्वासघात करणाऱ्या यहुदालाच ते रूप मिळते. सर्वसामान्य मुसलमान घरांत यांपैकी कोणती ना कोणती कथा सांगितली जाते.

पण बाराव्या शतकातल्या फखरुद्दीन राझी यांनी या कथांना मोठा मार्मिक प्रश्न विचारला. एका माणसाचे रूप दुसऱ्यावर घातले जाऊ शकते असे धरले, तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरच भरवसा ठेवता येणार नाही. समोर उभा असलेला तो तोच आहे हे कोण सांगणार? राझी हे कुराणाचे निष्ठावंत भाष्यकार. शंका घेतली म्हणून त्यांची निष्ठा कमी झाली नाही. इस्माइली पंथाच्या काही विचारवंतांनी तर असे सुचवले, की क्रुसावर गेले ते केवळ शरीर; खरा ईसा, त्याचा आत्मा, मारणाऱ्यांच्या हाती लागलाच नाही. आपल्याकडच्या गीता वाचणाऱ्याला हे उत्तर परके वाटू नये.

आधुनिक काळात सर सय्यद अहमद खानांनी मत मांडले, की ईसांना क्रुसावर चढवले, पण तेथे त्यांचा मृत्यू झाला नाही. पंजाबातल्या कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनी पुढे जाऊन सांगितले, की ते वाचले, पूर्वेकडे आले आणि त्यांची कबर श्रीनगरच्या खानयार भागात आहे. बहुसंख्य मुसलमान हे म्हणणे मुळीच मानत नाहीत, आणि इतिहासाचाही त्याला आधार नाही.

आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानाचाही या शोधात वाटा आहे. आदिलाबाद निजामाच्या राज्यात असताना, १९२५ मध्ये हैदराबादच्या चादरघाट हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून एक इंग्रज गृहस्थ आले. मार्माड्यूक पिकथॉल हे त्यांचे नाव. जन्म एका अँग्लिकन पाद्र्याच्या घरातला. १९१७ मध्ये त्यांनी इस्लाम जाहीरपणे स्वीकारला होता आणि हैदराबादेस येण्यापूर्वी मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादनही केले होते. निजामाने त्यांना पगारी रजा दिली आणि १९३० मध्ये त्यांचे कुराणाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. या आयतीपाशी त्यांनी काय केले ते मी मुद्दाम पाहिले. 'त्यांना तसे दिसले' एवढाच अर्थ त्यांनी ठेवला. कोणा बदली माणसाची कथा मजकुरात घुसवली नाही. जेथे मूळ ग्रंथ थांबतो तेथे भाषांतरकारानेही थांबावे, हा धडा एका मुख्याध्यापकाने दुसऱ्या मुख्याध्यापकाला दिला असे मी मानतो.

दोन आदर

हा नकार कशासाठी, हा मूळ प्रश्न उरतोच. ख्रिस्ती धर्मात क्रूस हा सर्वस्वाचा बिंदू आहे. माणसाचे पाप माणसाला फेडवत नाही, ते देवाने स्वतःवर घेतले. क्रुसावरचे मरण म्हणजे प्रेमाची परमावधी. इस्लामच्या विचारात एकाचा भार दुसऱ्याने उचलण्याची कल्पनाच नाही. ज्याचे कर्म त्याचे ओझे, आणि क्षमा करणारा ईश्वर समर्थ आहे. त्यासाठी बळी नको. म्हणून तेथे क्रुसाची गरज उरत नाही. शिवाय ती आयत विरोधकांच्या बढाईला उत्तर म्हणून आली आहे. तुम्ही त्याला संपवले असे तुम्हाला वाटले, पण ईश्वराच्या माणसाला संपवणे तुमच्या हाती नव्हते, असा तिचा रोख आहे. नूहला पुरातून, इब्राहिमला आगीतून, मूसाला समुद्रातून वाचवणारा ईश्वर ईसालाही वाचवतो. आपल्याला प्रल्हाद आठवावा अशीच ही रीत आहे.

एवढे समजल्यावर पुढच्या वर्षी मी नववीच्या नव्या वर्गात हा विषय आपणहून काढला. वाटले, आता सारे सोपे झाले. तर एका मुलीने हात वर केला. आमच्या भागात मोहरमात गावोगाव पीर बसतात, तेलुगूत त्याला पीर्ल पंडुग म्हणतात, आणि सवारी उचलणाऱ्यांत हिंदू घरे पुष्कळ असतात. ती अशाच घरातली. म्हणाली, "सर, देव आपल्या माणसाला वाचवतो, तर करबल्यात इमाम हुसेनांना का नाही वाचवलं?"

प्रश्न अगदी रास्त होता. इसवी सन ६८० मध्ये हुसेन करबल्याच्या मैदानात मारले गेले आणि तो पराभव मुसलमान जगताने, विशेषतः शियांनी, हौतात्म्य म्हणून जपला. हुसेन प्रेषित नव्हते, हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही, कारण लोकांनी प्रेषितांचीही हत्या केली असे कुराण स्वतःच अन्यत्र सांगते. म्हणजे 'देव वाचवतो' हे एकच सूत्र सगळीकडे लावता येत नाही. मी तिला तसे स्पष्ट सांगितले, आणि हेही सांगितले, की धर्माचा आचार्य याचे उत्तर आपल्या श्रद्धेतून देईल. इतिहासाच्या शिक्षकाला ते देता येत नाही. वर्गासमोर 'मला येत नाही' असे म्हणायला मला तीस वर्षे लागली.

मग इतिहास काय सांगतो? रोमन इतिहासकार टॅसिटस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिताना, तिबेरियस बादशहाच्या काळात पिलाताच्या हुकमाने ख्रिस्ताला देहान्त शिक्षा झाल्याची नोंद केली आहे. त्याआधी, पहिल्या शतकाच्या शेवटी, जोसीफस या यहुदी इतिहासकारानेही उल्लेख केला. त्या मजकुरात पुढे कोणी भर घातली असली तरी गाभा जुना असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. येशूला पिलाताच्या कारकिर्दीत, इसवी सन २६ ते ३६ च्या दरम्यान, क्रुसावर मृत्युदंड झाला, यावर आजचे बहुतेक सर्व इतिहासकार, मग ते श्रद्धावान असोत वा नसोत, एकमत आहेत. हे मुलांपासून लपवणे योग्य नाही. पण तिसऱ्या दिवशी उठले की नाही, ईश्वराने उचलून घेतले की नाही, हे तपासण्याचे साधन त्याच इतिहासाकडे नाही. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असे वारकरी मानतो. सतराव्या शतकाच्या मध्यास देहूत काय घडले याची चर्चा संशोधक करतात. वारकऱ्याचे टाळ त्या चर्चेसाठी थांबत नाहीत, आणि टाळांच्या आवाजाने संशोधकाने आपली वही मिटावी असेही नाही.

आमच्या भाषेतल्या थोरांनी ही वाट आधीच चालून ठेवली आहे. साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृति' लिहिली. पवनारच्या विनोबांनी अरबी शिकून 'कुराण-सार' केले आणि 'ख्रिस्तधर्म-सार'ही केले. दोन्ही ग्रंथ एकाच आसनावर बसून लिहिले. सीमेवरच्या माणसाला हे अवघड जाऊ नये. एकाच भाजीला आपण तीन भाषांत तीन नावांनी हाक मारतो, आणि तरी भाजी कोणती ते ओळखतो. येशू, येसू आणि ईसा ही मात्र केवळ तीन नावे नाहीत, हे भान ठेवले पाहिजे. सगळे धर्म एकच सांगतात असे म्हणून विषय गुंडाळणे हे माझ्या 'परीक्षेत येत नाही' या उत्तराचेच सभ्य रूप आहे. ते वेगवेगळे सांगतात. वेगळे सांगतात, आणि दोघेही आदराने सांगतात.

वाक्याला कर्ता

ती दोन मुले? पुन्हा एका बाकावर बसली असती तर लेखाचा शेवट गोड झाला असता. तसे झाले नाही. दहावीत तुकड्या बदलल्या. मी जे सांगायला हवे होते ते त्यांच्या मागून आलेल्या मुलांना सांगितले, त्यांना नाही. मास्तराने उशिरा दिलेले उत्तर ज्याने प्रश्न विचारला त्याच्यापर्यंत पोचतेच असे नाही.

दहावीचा निकाल लागल्यावर त्यांतला एक टी.सी. न्यायला ऑफिसात आला. सही करता करता मी त्याला बसवून घेतले आणि बुलंद दरवाजावरचे वचन, अब्दुस सत्तार आणि जेरोम झेवियर, तबरी आणि राझी, सारे थोडक्यात सांगितले. त्या दिवशी तुम्हा दोघांना मी गप्प बसवले ते चुकले, हेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग टी.सी.ची घडी करता करता म्हणाला, "सर, मग हे परीक्षेत आलं तर काय लिहायचं?"

मला हसू आले आणि डोळेही भरले. म्हणालो, "अरे, व्याकरण आठव. वाक्याला कर्ता हवा. 'क्रुसावर चढवण्यात आले' असं मी लिहिलं, त्यात सांगणारा कोण तेच नव्हतं. ख्रिस्ती लोक मानतात, असं लिही. मुसलमान मानतात, असं लिही. इतिहासकार म्हणतात, असं लिही. तिन्ही वाक्यं शेजारी शेजारी राहू शकतात."

"आणि मी मानतो, असं?"

"तेही लिही. पण ते चौथं वाक्य. पहिली तीन नीट लिहून झाल्यावर."

तो नमस्कार करून गेला. त्याने तिथून जाऊन आपल्या जुन्या सोबत्याला हे सांगितले की नाही, मी विचारले नाही.

तेव्हापासून गुड फ्रायडेची सूचना मी अशी लिहितो : 'ख्रिस्ती बांधव या दिवशी येशूंच्या क्रुसावरील मरणाचे स्मरण करतात. मुसलमान बांधव ईसांना थोर प्रेषित मानतात; त्या दिवसाविषयी त्यांची श्रद्धा वेगळी आहे. शाळेला सुटी राहील.' सूचना थोडी लांब होते. शिपाई कुरकुरतो. पण अजून कोणत्या वर्गातून ती वही तक्रार घेऊन परत आलेली नाही. प्रश्न घेऊन मात्र दरवर्षी येते.